साइट नव्या पत्त्यावर हलवताना गूगलमधलं स्थान कसं टिकवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सायकल-दुरुस्तीची माहिती देणारी साइट, वय नऊ वर्षं, सुमारे ३,००० पानं, आणि बहुतेक वाचक गूगलवरून येणारे. आता डोमेन बदलायचं आहे, वर्डप्रेस सोडून दुसऱ्या प्रणालीवर जायचं आहे आणि पानांची मांडणीही नवी करायची आहे. हे सगळं एकाच रात्री, पुढच्या पंधरवड्यात. डेव्हलपर म्हणतो की जुने सगळे पत्ते होमपेजवर वळवू, पुढचं गूगल बघून घेईल. यात रँकिंग टिकेल का, आणि टिकावं म्हणून काय करायचं?

टिकेल. पण डेव्हलपर सांगतो तसं केलंत तर टिकणार नाही. आणि तिन्ही बदल पंधरवड्यात उरकायचा हट्ट असेल, तर मी हे काम हातात घेतलं नसतं.

आधी नेमकं काय हलवायचं आहे ते पाहू. आपण "साइटचं रँकिंग" म्हणतो, पण शोधनिकालात साइट येत नाही, पान येतं, आणि गूगल त्या पानाला ओळखतो ते पत्त्यावरून. तुमच्या "साखळी का घसरते" या लेखाची लिंक नऊ वर्षांत कुणी आपल्या लेखात दिली, कुणी चर्चेत चिकटवली. गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, तिथे असंख्य वेळा येऊन गेला. ही सगळी पुंजी त्या एका यूआरएलच्या, म्हणजे पत्त्याच्या, खात्यावर जमा आहे. स्थलांतर म्हणजे अशी ३,००० खाती एकेक करून नव्या पत्त्याच्या नावावर करणं. खातं ज्याचं त्याच्याच नावावर गेलं पाहिजे, एवढी एक गोष्ट सांभाळलीत तर बाकीच्या चुका निस्तरता येतात.

म्हणूनच सगळे पत्ते होमपेजवर वळवणं इतकं घातक आहे. ब्रेकचे पॅड बदलायची कृती शोधत आलेला माणूस होमपेजवर पोचला तर त्याला ती कृती मिळत नाही. गूगललाही हे कळतं. जुन्या पानाच्या मजकुराशी नातं नसलेल्या ठिकाणी केलेलं रिडायरेक्ट, म्हणजे वळवणं, तो "सॉफ्ट ४०४" धरतो, म्हणजे पान सापडलंच नाही असं समजतो. त्या पत्त्याची पुंजी मग होमपेजलाही मिळत नाही, ती नुसती विरून जाते. त्यापेक्षा पान खरंच काढून टाकलं असेल तर सरळ ४०४ (सापडलं नाही) किंवा ४१० (कायमचं काढलं) हा कोड द्या. त्याने काही बिघडत नाही.

रिडायरेक्टबद्दल एक जुनी भीती अजून ऐकू येते, की ३०१ (कायमचं वळवल्याचा सर्व्हरचा कोड) केलं की लिंकचं काही मोल वाटेत गळतं. २०१६ मध्ये गूगलच्या गॅरी इलीज यांनी जाहीरपणे सांगितलं की ३०१, ३०२ या मालिकेतल्या कुठल्याच रिडायरेक्टमुळे आता पेजरँक, म्हणजे लिंकांवरून ठरणारं पानाचं वजन, कमी होत नाही. तेव्हा नुकसान रिडायरेक्टमुळे होत नाही. विसरलेल्या पत्त्यांमुळे, बदललेल्या मजकुरामुळे आणि चुकून बंद राहिलेल्या दारांमुळे होतं. तरी कोड निवडताना ३०१ किंवा ३०८ च निवडा. हे दोन्ही "कायमचं हललो" असं ठामपणे सांगतात. ३०२ तात्पुरतं असतं, त्यामुळे निकालात जुना पत्ताच रेंगाळू शकतो. आणि रिडायरेक्ट सर्व्हरवरच झालं पाहिजे. जावास्क्रिप्टने वळवणं हा अगदीच नाइलाज असेल तरचा उपाय.

आता सगळ्यात मोठा निर्णय. तीन बदल एकत्र करू नका.

कारण साधं आहे. बाराव्या दिवशी ट्रॅफिक खाली आलं तर दोष कुणाचा म्हणायचा? नव्या डोमेनचा, नव्या टेम्पलेटमध्ये (पानाच्या साच्यात) गळलेल्या शीर्षकांचा, की मांडणीत हरवलेल्या अंतर्गत लिंकांचा? तिन्ही एकदम बदलल्यावर हे शोधणं जवळजवळ अशक्य होतं. मग प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने काहीतरी बदलत सुटतो आणि गुंता वाढतो. मी आधी जुन्या डोमेनवर, जुन्याच पत्त्यांवर नवी प्रणाली चढवीन. काही आठवडे आकडे स्थिर दिसले की डोमेन बदलीन. बांधणी आणि पत्ता यांतली एकच गोष्ट एका वेळी हलली पाहिजे.

पत्त्यांची मांडणी मुळात बदलायची गरज आहे का, हेही स्वतःला विचारा. "लेख/२०१६/०४" असला जुनाट पत्ता डोळ्यांना खुपतो, हे मला समजतं. पण पत्ता देखणा केल्याने रँकिंगमध्ये हाती लागेल ते नगण्य, आणि प्रत्येक बदललेला पत्ता म्हणजे चुकायची एक जागा. डोमेनपुढचा भाग जसाच्या तसा ठेवलात तर सगळ्या साइटचं रिडायरेक्ट एका ओळीच्या नियमात बसतं: जुनं डोमेन, पुढे काहीही असो, ते तसंच नव्या डोमेनला जोडा. ३,००० ओळींच्या जागी एक ओळ. प्रणाली बदलताना डेव्हलपरशी एकाच मुद्द्यावर भांडायचं असेल, तर "नव्या प्रणालीत जुनेच पत्ते चालले पाहिजेत" या मुद्द्यावर भांडा. तरीही पत्त्यांची मांडणी बदलणारच असेल, तर ती डोमेनबरोबरच बदला. म्हणजे प्रत्येक पत्ता एकदाच हलेल, दोनदा नाही.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळं यश त्यातच आहे: जुन्या पत्त्यांची संपूर्ण यादी. "साइटमॅप आहे की" असं उत्तर मला दर वेळी मिळतं. साइटमॅप म्हणजे शोधयंत्राला दिलेली पानांची यादी. त्यात तुम्हाला आठवणारी पानं असतात. जगाला आठवणारी पानं वेगळी असू शकतात.

एक अनुभव सांगतो. एका माहितीपर साइटच्या स्थलांतराचा नकाशा, म्हणजे जुन्या पत्त्याला नवा पत्ता जोडणारी यादी, साइटमॅपवरून केला होता. पानं नीट हलली, पण महिनाभरात काही विषयांवरची स्थानं हळूहळू घसरायला लागली. मी बाहेरून येणाऱ्या लिंकांचा अहवाल उघडला, तर साइटवर सर्वाधिक लिंका असलेला पत्ता एका पीडीएफ तक्त्याचा होता. मापांचा तक्ता, एकच पान, कुणीतरी सात-आठ वर्षांपूर्वी चढवलेलं. साइटमॅपमध्ये पीडीएफ नव्हत्या, म्हणून नकाशातही नव्हत्या, आणि नव्या सर्व्हरवर ती फाइल गेलीच नव्हती. इतक्या जणांनी दिलेली लिंक महिनाभर ४०४ वर आदळत होती. फाइल परत चढवून जुना पत्ता तिच्याकडे वळवायला दहा मिनिटं लागली. स्थानं सावरायला बरेच आठवडे गेले. तेव्हापासून मी एका स्रोतावर कधीच विसंबत नाही.

तुम्ही पत्ते इतक्या ठिकाणांहून गोळा करा. स्क्रीमिंग फ्रॉगसारख्या क्रॉलरने, म्हणजे लिंकांवरून पानं शोधणाऱ्या साधनाने, साइट पिंजून काढा. त्याची मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांवर थांबते, तुम्हाला ती पुरणार नाही. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात १६ महिन्यांची माहिती असते, ती पूर्ण काळाची काढा. पण तिथून थेट निर्यात केली तर १,००० च ओळी मिळतात, आणि ३,००० पानांच्या साइटवर अनेक जण इथेच फसतात. यादी पूर्ण वाटते आणि असते एक तृतीयांश. एपीआयने, म्हणजे प्रोग्राममार्फत मागवल्यास, एका विनंतीत २५,००० ओळींपर्यंत मिळतात. ते जमत नसेल तर विभागवार फिल्टर लावून तुकड्यांनी काढा. तिथलाच लिंकांचा अहवाल घ्या. ॲनालिटिक्समधली, म्हणजे वाचक मोजणाऱ्या साधनातली, पानं घ्या. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साइटची जुनी रूपं पाहा, कारण २०१८ साली कुणी मांडणी बदलली असेल तर त्याआधीचे पत्ते तिथेच सापडतील. आणि सर्व्हरचे लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद. गूगलबॉट आजही कोणते पत्ते मागतो आहे याचा सर्वांत विश्वासू पुरावा तोच, कारण तिथे कुणाचा अंदाज नसतो.

ही सगळी चळत एका स्प्रेडशीटमध्ये ओता, दुबार ओळी काढा आणि प्रत्येक ओळीत पाच रकाने ठेवा: जुना पत्ता, नवा पत्ता, वर्षभरातले क्लिक, बाहेरच्या लिंका, निर्णय. निर्णय चारच प्रकारचे असतात: तसंच न्यायचं, दुसऱ्या पानात विलीन करायचं, अगदी जवळच्या विषयाच्या पानाकडे वळवायचं, किंवा काढून टाकायचं. "मागच्या चाकाचा पंक्चर" आणि "पुढच्या चाकाचा पंक्चर" असे दोन तुटपुंजे लेख एकत्र करणार असाल तर दोघांचेही पत्ते नव्या लेखाकडे न्या. पण दोघांतला मजकूरही त्या लेखात आला पाहिजे, नाहीतर ज्या प्रश्नासाठी लोक यायचे तो प्रश्नच पानावर उरणार नाही. क्लिक किंवा लिंका यांत वरच्या असलेल्या दोनशे ओळी माणसाने डोळ्यांनी तपासायच्या. नियमावर सोडायच्या नाहीत.

मराठी साइटच्या बाबतीत एक अडचण परक्या मार्गदर्शकांमध्ये सहसा सापडत नाही, म्हणून ती इथे सविस्तर लिहितो. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये देवनागरी दिसतो, पण प्रत्यक्षात तो टक्क्याच्या चिन्हांनी भरलेल्या रूपात जातो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं आणि काना-मात्रा वेगळी, यूटीएफ-८ या संगणकाच्या लेखनपद्धतीत तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात दर बाइटला टक्का आणि दोन अक्षरं लागत असल्याने त्याची नऊ अक्षरं होतात. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा लावतं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. "सायकलची साखळी का घसरते आणि उपाय" हे शीर्षक घ्या. "घसरते" पर्यंत १७४ अक्षरं होतात, पुढचं जोडचिन्ह धरून १७५, मग "आ" आणि "ण" मिळून १९३, आणि "आणि"मधल्या ऱ्हस्व इकाराला जागाच उरत नाही. तुमचा खरा पत्ता "सायकलची-साखळी-का-घसरते-आण" असा तुटलेला असतो. नवी प्रणाली त्याच शीर्षकावरून पूर्ण पत्ता बनवते. शीर्षकावरून जुने-नवे पत्ते आपोआप जुळवणारी कुठलीही युक्ती इथे हरते, आणि नेमक्या लांब शीर्षकांच्या, म्हणजे बहुधा तुमच्या सर्वांत सविस्तर लेखांवर हरते. म्हणून जुना पत्ता शीर्षकावरून नव्याने बनवू नका, वर्डप्रेसच्या डेटाबेसमधून आहे तसा उचला.

यातच आणखी दोन खाचा आहेत. "दुसऱ्या" या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे पत्ते. दुसरी खाच सर्व्हरची. अपाची या सर्व्हर-प्रणालीत रिराइटचा, म्हणजे पत्ता वळवायचा, नियम जुळवताना पत्ता आधी टक्क्यांतून परत देवनागरीत उलगडला जातो, म्हणून टक्क्यांच्या रूपात लिहिलेला नियम कधीच लागू होत नाही. नियमात देवनागरीच लिहावी लागते. त्यामुळे दोन-चार देवनागरी पत्ते आधी प्रत्यक्ष चालवून बघा आणि मगच पूर्ण नकाशा चढवा.

रिडायरेक्टच्या साखळ्यांबद्दल थोडक्यात. तुमच्या साइटवर आधीच काही जुनी रिडायरेक्ट असतील, कधीतरी एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर आलात त्या वेळची. त्यांच्यापुढे नवी जोडलीत तर एक पत्ता तीन-चार उड्या मारून पोचतो. गूगलबॉट दहा उड्यांपर्यंत माग काढतो, पण त्याच्या सहनशक्तीची परीक्षा कशाला घ्यायची? जुने नियम उघडा आणि प्रत्येकाचं टोक थेट अंतिम पत्त्यावर आणा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, शेवटी तिरकी रेघ असलेला आणि नसलेला, असे सगळे प्रकार एका उडीत पोचायला हवेत. चित्रांचे पत्तेही यात धरा. दुरुस्तीच्या साइटवर बरेच जण चित्रशोधातून येतात, आणि चित्रं नव्या फोल्डरमध्ये गेली की ती वाट बंद होते.

पत्ते नीट हलले तरी पान तेच राहिलं पाहिजे. नव्या डिझाइनच्या उत्साहात मजकूर कमी होतो. डिझाइनरला मोकळी जागा हवी असते, मग लेखाच्या शेवटी असलेले प्रश्न-उत्तरं जातात, बाजूच्या संबंधित लेखांची यादी जाते. ती यादी म्हणजे तुमच्या आतल्या पानांना मिळणारा आधार होता. टायटल (शोधनिकालात दिसणारं शीर्षक), मुख्य मथळा, मजकूर, अंतर्गत लिंका, संरचित डेटा (पानात काय आहे ते गूगलला सांगणाऱ्या खुणा), चित्रांचे पर्यायी मजकूर हे सगळं पहिल्या टप्प्यात जसंच्या तसं न्या. सुधारणा नंतर करा. आणि हे मोबाइलवर तपासा. जुलै २०२४ पासून गूगल साइटी स्मार्टफोनच्या क्रॉलरनेच पाहतो. डेस्कटॉपवर आहे आणि मोबाइलवर नाही, असा मजकूर त्याच्या लेखी नाहीच. घडी घालून ठेवलेला मजकूर चालतो, पण तो पानात आधीपासून हजर असला पाहिजे. बोट लावल्यावर सर्व्हरकडून मागवला जाणारा मजकूर गूगलबॉटला दिसत नाही, कारण तो बोट लावत नाही. मेन्यूतल्या लिंका खऱ्या लिंका आहेत ना, की जावास्क्रिप्टवर चालणारी बटणं, हेही डेव्हलपरला विचारा.

स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या प्रतीवर, पासवर्ड लावा. तेवढं पुरतं. नोइंडेक्स (हे पान निकालात दाखवू नका ही सूचना) आणि रोबॉट्स डॉट टीएक्सटीची (बॉटने कुठे यायचं ते सांगणाऱ्या फाइलची) बंदी लावून ठेवली की ती लाइव्ह साइटवर सोबत जाण्याचा धोका राहतो. हा धोका मी जवळून पाहिला आहे. एका साइटवर लाइव्ह झाल्यानंतर पाचव्या दिवशी पानं निकालातून गळायला लागली. तिघांनी पानाचा सोर्स उघडून पाहिला, त्यात नोइंडेक्स नव्हता. रोबॉट्सची फाइलही स्वच्छ. मी कर्ल या आज्ञेने फक्त हेडर, म्हणजे सर्व्हर पानाआधी पाठवतो त्या सूचना, मागवले, तर नवव्या ओळीत "एक्स-रोबॉट्स-टॅग: नोइंडेक्स" होतं. स्टेजिंगच्या सर्व्हर-सेटिंगमध्ये कुणीतरी ते हेडरमध्ये घातलं होतं आणि सेटिंगची फाइल तशीच नव्या सर्व्हरवर आली होती. पानाच्या सोर्समध्ये हेडर दिसत नाही, म्हणून तिघांच्याही नजरेतून ते सुटलं. लाइव्ह झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मी आता हेडर बघतो, बाकी सगळं नंतर.

त्याच वेळी कॅनॉनिकल टॅगही, म्हणजे पानाचा मूळ पत्ता कोणता ते सांगणारी खूणही, बघा. नव्या पानाचा कॅनॉनिकल जुन्या डोमेनकडे किंवा स्टेजिंगकडे बोट दाखवत असेल, तर रिडायरेक्ट म्हणतं "तिकडे जा" आणि पान म्हणतं "मूळ इकडे आहे". अशा परस्परविरोधी खुणांवर गूगल स्वतःच्या मनाने निवड करतो, आणि ती तुम्हाला हवी तीच असेल असं नाही.

प्रत्यक्ष दिवसाची तयारी दोन दिवस आधी सुरू होते. डीएनएसचा (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे त्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद साठवून ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर पसरतो आणि काही चुकलं तर लवकर मागेही घेता येतो. वाचक सर्वांत कमी असतील अशी वेळ निवडा, पण पुढचे दोन दिवस डेव्हलपर हाताशी असेल अशीच. साइट थोडा वेळ बंद ठेवावी लागली तर ५०३ (तात्पुरतं बंद) हा कोड द्या. "काम चालू आहे" असं पान २०० (सगळं ठीक) कोडने दिलं, तर गूगल तोच तुमचा मजकूर समजतो. नव्या सर्व्हरमध्ये दम हवा. स्थलांतरानंतर गूगलबॉट नेहमीपेक्षा जास्त पानं मागतो, कारण त्याला जुने पत्तेही तपासायचे असतात आणि नवेही. सर्व्हर धापा टाकत ५०० च्या चुका देऊ लागला की तो आपला वेग कमी करतो आणि सगळी प्रक्रिया लांबते.

सर्च कन्सोलमध्ये जुनं आणि नवं, दोन्ही डोमेन आधीच पडताळून ठेवा, आणि पडताळणी डीएनएसने करा. फाइल किंवा मेटा टॅगने केलेली असेल, तर सगळी जुनी साइट वळवल्यावर ती फाइलही वळते आणि ऐन गरजेच्या वेळी जुन्या मालमत्तेचा, म्हणजे सर्च कन्सोलमधल्या जुन्या डोमेनच्या नोंदीचा, ताबा जातो. मग "पत्ता बदल" हे साधन वापरा. ते फक्त डोमेन किंवा सबडोमेन बदलण्यासाठी आहे. एचटीटीपीएसवर जाण्यासाठी किंवा साइटच्या आतले पत्ते बदलण्यासाठी नाही. ही सूचना १८० दिवस लागू राहते. नवा साइटमॅप द्या. काही काळ जुन्या पत्त्यांचाही राहू द्या, म्हणजे गूगल ते पत्ते पुन्हा तपासून रिडायरेक्ट लवकर पाहतो. जुन्या डोमेनच्या रोबॉट्स फाइलमध्ये बंदी घालू नका. दार बंद असेल तर दारावर लावलेली "इथून हललो" ही पाटी कोण वाचणार? जुन्या साइटसाठी नको असलेल्या लिंकांची डिसअव्हाव (या लिंका धरू नका असं गूगलला सांगणारी) फाइल दिली असेल तर ती नव्या मालमत्तेतही पुन्हा चढवा. बिंग या शोधयंत्रासाठी इंडेक्सनाउ चालू करा. २०२१ पासून असलेली ही सोय बदललेले पत्ते त्याला लगेच कळवते.

नवं डोमेन खरोखर नवं आहे का, हे विकत घेण्याआधीच पाहायला हवं होतं. अजूनही पाहा. वेबॅक मशीनमध्ये त्यावर पूर्वी काय होतं ते कळतं, आणि पडताळणी झाल्यावर सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल कारवाईची, म्हणजे गूगलच्या माणसांनी दिलेल्या शिक्षेची, नोंद आहे का ते दिसतं. दुसऱ्याच्या पापाचं ओझं असलेल्या डोमेनवर नऊ वर्षांची मेहनत नेऊ नका.

मग थांबायचं. तुमच्या आकाराच्या साइटची बहुतेक पानं नव्या पत्त्याने दिसायला काही आठवडे लागतात आणि त्या काळात स्थानं वरखाली होतात. हे अपेक्षित आहे. पाहायचं ते एकूण बेरजेकडे: सर्च कन्सोलमध्ये जुन्या मालमत्तेचे क्लिक उतरत असतील आणि नवीचे चढत असतील, तर दोन्हींची बेरीज पाहा. नुसत्या जुन्याचा आलेख पाहून घाबरू नका. ॲनालिटिक्समध्ये अचानक निम्म्याने घट दिसली आणि सर्च कन्सोलमध्ये नाही, तर वाचक गेलेले नाहीत. बहुधा मोजणीचा कोड काही टेम्पलेटांत बसवायचा राहिला आहे.

बेरीजच खाली येत असेल, तर सर्वाधिक क्लिक गमावलेली पन्नास पानं काढा आणि एकेका पानाला प्रश्न विचारा. जुना पत्ता एका उडीत बरोबर पानावर जातो का? यूआरएल तपासणीत गूगलने निवडलेला कॅनॉनिकल कोणता? जुन्या पानातलं काय इथे नाही? पन्नासपैकी चाळीस पानं एकाच विभागातली किंवा एकाच टेम्पलेटची निघाली, तर तिथेच दुखणं आहे. घाईने मागे फिरू नका. जुनी साइट परत उभी करून रिडायरेक्ट उलटवली, तर गूगलला तेच काम पुन्हा पहिल्यापासून, आणि उलट दिशेने करावं लागतं. साइट उघडतच नसेल तर गोष्ट वेगळी.

रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतो. माझं मत आहे की कायम ठेवा, आणि जुन्या डोमेनचं नूतनीकरण चुकवू नका. इतरांनी त्यांच्या जुन्या लेखांत दिलेल्या लिंका कुणी बदलायला बसत नाही. तुम्ही डोमेन सोडलंत की त्या सगळ्या लिंका जो ते डोमेन उचलेल त्याच्या होतात. ज्या दहा-वीस ठिकाणांहून सर्वांत चांगल्या लिंका येतात त्यांना मात्र पत्र पाठवून नवा पत्ता कळवा. बरेच जण आनंदाने बदलून देतात.

तुमच्या पंधरवड्याचं म्हणाल, तर त्यात यादी आणि नकाशा तयार होतो, आणि जुन्याच पत्त्यांवर नवी प्रणाली स्टेजिंगवर तपासून होते. डोमेन बदलणं त्यात बसत नाही. ते पुढे ढकला. आणि आजच्या आज डेव्हलपरकडून एक गोष्ट मागून घ्या: जितके जुने मिळतील तितके सर्व्हर लॉग, सगळे, तुमच्या संगणकावर. बहुतेक होस्टिंगवर ते ठरावीक काळाने आपोआप पुसले जातात, आणि जुनं होस्टिंग बंद झालं की कुणीच ते परत देऊ शकत नाही.